फ्लॉपी खराब झाली होती

३ सप्टेंबर

प्रिय टिल्लू,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. फोन मी आता कामापुरताच ठेवलाय. ड्युटीवर असताना कुणी लिफ्टमध्ये अडकलं तर तो वाजतो, एरवी बंद. आपल्या पिढीची खरी दौलत कुठली असेल तर ती वाट बघणं, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. आपला तो कॉम्प्युटरवरचा 'तळघर' खेळ सुरू व्हायला किती वेळ लागायचा, आठवतंय? अकरा मिनिटं! त्या अकरा मिनिटांत माणूस घडायचा. आताची पोरं अकरा सेकंदांत वैतागतात.

तर बातमी अशी, की मी एक जुना कॉम्प्युटर मिळवलाय. बाबांच्या ऑफिसने भंगारात काढलेला आणि बाबांनी आपल्या मागच्या खोलीत आणून ठेवलेला होता ना, अगदी तसाच. हिरवी अक्षरं, गुरगुरणारा पंखा, सगळं तेच. आणि आमचं एक मंडळही आहे. 'जुने खेळ, जुने गडी' असं नाव आहे. रविवारी हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. एक इन्शुरन्सवाला आमचा महामांत्रिक, म्हणजे अध्यक्ष, आहे. येत्या २८ तारखेला मोठी बैठक आहे आणि तिथे माझं भाषण आहे. विषय: 'विसाव्या मजल्याच्या दारात'.

तुला वेगळं सांगायला नकोच. वीस मजल्यांचं तळघर, चार गडी: योद्धा, मांत्रिक, वैद्य आणि चोर. खेळात नकाशा नाही, मेलेला गडी कायमचा मेला, आणि सगळा खेळ साठवलेला एकाच फ्लॉपीवर. चौदाव्या वर्षी मी एकोणीस मजले उतरलो होतो. विसाव्याचं दार समोर होतं. आणि शाळेच्या सहलीहून परत येतो तर काय, फ्लॉपी खराब! चौघेही पहिल्या मजल्यावर, हातात काठीसुद्धा नाही. नशिबाने मला दारात आणून उभं केलं आणि दार तोंडावर आपटलं. मंडळात ही गोष्ट सांगितली तेव्हा महामांत्रिकाने चष्मा काढून डोळे पुसले.

ती फ्लॉपी मी बिस्किटांच्या डब्यात घालून पुरणार होतो आणि तू ती माझ्या हातातून काढून घेतली होतीस. तुझी नकाशांची वहीही त्याच डब्यात होती. दोन्ही पाठव. मंडळात एक फ्लॉपीवाला आहे, जुन्या मेलेल्या फ्लॉप्यांतून काही निघालं तर तो काढून बघतो. निघणार काही नाही, पण एकदा खात्री झालेली बरी.

तुझ्या वहिनीचा नमस्कार. तिला या खेळात रस नाही.

तुझा
दादा


७ सप्टेंबर

प्रिय दादा,

पत्र पोचलं. चार दिवस वाट बघितल्याने मी किती घडले, ते आरशात बघितलं. काही फरक नाही.

तुझी स्मरणशक्ती मला आमच्या कवळ्यांसारखी वाटते. दिवसभर मी लोकांचे खोटे दात बनवते, त्यामुळे मला ठाऊक आहे, की अस्सल दातांपेक्षा ते नेहमीच सरळ आणि पांढरे असतात. अकरा मिनिटांत तू घडत नव्हतास, तू कॉम्प्युटरला लाथा घालत होतास. त्याच्या डाव्या अंगाला पोचा होता, तो बाबांना दिसू नये म्हणून आपण तिकडे शब्दकोश उभा करून ठेवायचो. तुझा योद्धा दर तिसऱ्या मिनिटाला उंदराच्या चाव्याने मरायचा. मग तू खेळ साठवायच्या आत वायर उपटायचास, म्हणजे तो मेलाच नाही असं व्हायचं. 'मेलेला गडी कायमचा मेला' म्हणे!

आणि 'चार गडी' म्हणतोस ते चौघे कोण, तेही मंडळाला सांग. योद्धा तू, मांत्रिक तू, वैद्य तू. मी चोर. चोराने मागच्या रांगेत चालायचं, कुलूप दिसलं की उघडायचं आणि फाशात अडकून आधी मरायचं. प्रत्यक्षात मी स्टुलावर बसून चौकटीच्या वहीत नकाशे काढायचे. कीबोर्डला हात लावायचा नाही. मी एकदा 'स्पेस' दाबली तर तू मला दोन दिवस खोलीबाहेर उभं केलं होतंस. हा तुझा सुवर्णकाळ.

वही पाठवते आहे. सांभाळून वापर, पानं सुटायला लागली आहेत. फ्लॉपी मात्र सापडत नाही. इतक्या वेळा घर बदललं, कुठेतरी गेली असेल.

वहिनीला माझा नमस्कार. तिला रस नाही म्हणजे तिचं डोकं ठिकाणावर आहे.

तुझी
टिल्लू


११ सप्टेंबर

प्रिय टिल्लू,

वही मिळाली. काय सांगू! एकोणिसाव्या मजल्याचं पान उघडलं आणि तासभर तेच बघत बसलो. तुझं अक्षर किती गोल होतं गं. मंडळात वही हातोहात फिरली. महामांत्रिक म्हणाला, अशी वही म्हणजे ठेवा आहे. नकाशे कुणी काढले असं एकाने विचारलं, तेव्हा मी सांगितलं की आम्ही दोघांनी मिळून काढले. विचार माझा, पेन्सिल तुझी.

बाकी उंदराबद्दल लिहिलंस ते मनाला लागलं. तो साधा उंदीर नव्हता, तिसऱ्या मजल्यावरचा महाउंदीर होता.

आता फ्लॉपीचं. तू आणि वस्तू हरवणार? इयत्ता दुसरीतलं खोडरबर अजून तुझ्याकडे असेल. उगाच टाळू नकोस. तुला ती निव्वळ फ्लॉपी वाटते, पण माझा सगळा जन्म तिच्यात आहे. तूच बघ. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी आजारी पडलो आणि ते राहिलं ते राहिलंच. स्वतःचा लिफ्ट-दुरुस्तीचा धंदा काढणार होतो, भागीदारच फिरला. सुपरवायझरच्या जागेसाठी माझं नाव सगळ्यांत वर होतं, आणि त्याच महिन्यात साहेब बदलला. प्रत्येक वेळी मी दारापर्यंत पोचतो आणि फ्लॉपी खराब होते! हे मी भाषणात मांडणार आहे. एका पिढीची शोकांतिका आहे ही.

फ्लॉपीवाला १८ तारखेपर्यंत वाट बघेल. पाठव.

दादा

ता. क. गुडघे जरा बोलतात हल्ली. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना आठवा मजला उतरल्यासारखं वाटतं. बाकी मजेत.


१५ सप्टेंबर

दादा,

एका पिढीची शोकांतिका नंतर मांड. आधी एका माणसाची चलाखी मांडू.

काल वहिनीचा फोन आला. ती हॉस्पिटलातून, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात बोलत होती. तुझ्या कंपनीने तुला नव्या मेकॅनिकांना शिकवायची जागा देऊ केली आहे म्हणे, दुसऱ्या शहरात, प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख म्हणून. खड्ड्यात उतरणं नाही, दोरखंडाला लोंबकळणं नाही, फळ्यापुढे उभं राहून बोलायचं. बोलायला तर तुला जन्मजात आवडतं! ३० तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. ते पत्र तीन आठवडे तुझ्या हिरव्या अक्षरांच्या कॉम्प्युटरमागे पडलं आहे आणि तू 'आधी हे भाषण होऊ दे' म्हणतोस. वहिनीने तिथल्या हॉस्पिटलात स्वतःसाठी विचारूनही ठेवलंय. आणि तुझे गुडघे नुसते बोलत नाहीत, डॉक्टरने वर्षभरात खड्ड्यात उतरणं बंद करायला सांगितलंय. मला लिहिलेल्या दोन लांबलचक पत्रांत यातलं एक अक्षर नाही. उंदराला मात्र अख्खा परिच्छेद!

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. तुझ्या बाबतीत अंगण सरळ करून, झाडून, वर दिवा लावून दिलंय, आणि तू म्हणतोस थांबा, मला बत्तीस वर्षांपूर्वीच्या अंगणाबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत.

फ्लॉपी हरवली नव्हती. सोबत पाठवते आहे. दे तुझ्या फ्लॉपीवाल्याला आणि मोकळा हो. त्या जागेचं काय ते कळव.

टिल्लू


१७ सप्टेंबर

प्रिय दादा,

परवाचं पत्र टाकून आले आणि तेव्हापासून कामात लक्ष नाही. काल एका बाईंच्या कवळीत वरचे दात खाली बसवले. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकावं. फ्लॉपीवाल्याने काही काढायच्या आत तुला माझ्याकडून कळू दे.

फ्लॉपी खराब झाली नव्हती.

तू सहलीला चार दिवस गेला होतास. विसाव्या मजल्याचं दार तुला दोन महिने सापडत नव्हतं. 'दार समोर होतं' हे तू नंतर रचलंस, समोर नुसती भिंत होती. मी तुला सांगितलं होतं, की एकोणिसाव्याच्या नकाशात चार चौकटी कोऱ्या राहतायत, म्हणजे त्या भिंतीमागे काहीतरी आहे. तू म्हणालास, नकाशा काढणाऱ्याने डोकं चालवायचं नसतं. मग तू गेलास, आई-बाबा कामावर, आणि मी कीबोर्डवर बसले. भिंतीत सरळ चालत गेले. भिंत खोटीच होती. विसावा मजला तिसऱ्या दिवशी दुपारी संपला. पडद्यावर अभिनंदन आलं, राजा आला. त्याने सगळ्यांची शस्त्रं काढून घेतली आणि चौघांना पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवलं. मला वाटलं, आता पुढे काहीतरी होईल. घाबरून मी खेळ साठवला. तुझ्या खेळावरच.

तू आलास, बघितलंस आणि रडलास. म्हणालास, फ्लॉपी खराब झाली. मी दहा वर्षांची होते. खरं सांगितलं असतं तर तू मला जन्मभर खोलीबाहेर उभं केलं असतंस असं वाटलं. मग तेच चालू राहिलं. डिप्लोमा, धंदा, सुपरवायझर, प्रत्येक वेळी तू 'फ्लॉपी खराब झाली' म्हणालास की मी विषय बदलायचे. तुझ्या डोक्यात ही गोष्ट मी भरली. तुझं नशीब खोटं आहे असं तुला चौदाव्या वर्षी मी शिकवलं. तुझी चेष्टा करते ती त्यामुळेच, नाहीतर रडायला येतं. मला माफ कर. आणि त्या लोकांना हो म्हण, दादा. एवढं कर.

तुझी
टिल्लू


२९ सप्टेंबर

प्रिय टिल्लू,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. कालपर्यंत उत्तर लिहायची हिंमत नव्हती.

पहिली गोष्ट. तू स्वतःला फार मोठी समजतेस. माझ्या आयुष्याचं वाटोळं करायला दहा वर्षांची पोरगी लागत नाही. ते काम मी एकट्याने, तुझ्या मदतीशिवाय केलंय. त्याचं श्रेय मी तुला देणार नाही.

दुसरी गोष्ट. मला माहीत होतं.

सहलीहून आलो त्याच दिवशी कळलं. चौघांच्या नावापुढे एकेक चांदणी होती. चांदणी म्हणजे खेळ जिंकलेला गडी, असं माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं. ते पान मी फाडून गिळलं. खरंच गिळलं, कडू लागलं. मला वाईट वाटलं ते खेळ गेला म्हणून नव्हे. चोराने जिंकला म्हणून. धाकट्या बहिणीकडून हरण्यापेक्षा नशिबाकडून हरणं बरं वाटलं. आणि एकदा चव लागल्यावर ते इतकं सोपं झालं, की डिप्लोमाच्या वेळी मी आजारी नव्हतो, नापास होईन म्हणून परीक्षेलाच बसलो नाही, हेसुद्धा मी विसरून गेलो.

मग फ्लॉपी दुरुस्तीला का मागितली, असं विचारशील. ती मेली असणार याची मला खात्री होती म्हणून! इतकी वर्षं डब्यात पडलेली फ्लॉपी जगते का कधी? फ्लॉपीवाल्याने चौदा लोकांसमोर मान हलवली असती आणि माझी गोष्ट कायमची पक्की झाली असती. पण तू वस्तू फार चांगल्या ठेवतेस.

काल त्याने ती मोठ्या पडद्यावर लावली. मला म्हणाला होता, बैठकीआधी दाखवायची नाही, गंमत आहे. पहिला मजला, चार गडी, चार चांदण्या. सगळी खोली उठून उभी राहिली. महामांत्रिकाने मला मिठीच मारली. म्हणाला, अहो, तुम्ही जिंकला होता आणि तुम्हाला पत्ताच नाही! टिल्लू, अर्धं मिनिट मी विजेता होतो. फार छान वाटतं गं. तसंच राहायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. पण चोराच्या नावापुढे तुझं नाव तसंच होतं, 'टिल्लू', आणि तुझं ते पत्र खिशात होतं. मी सांगून टाकलं. भाषण काही केलं नाही, एवढंच सांगितलं.

कुणी रागावलं नाही. दुसऱ्याच्या फ्लॉपीवर जिंकलेला खेळ नियमात बसतो का, यावर ते तासभर भांडले. चौदा माणसं, सगळ्यांचे चष्मे, दोघांना तुमच्याकडची कवळी. त्या एका तासात मला आमचं मंडळ पहिल्यांदा बाहेरून दिसलं. मी त्यांना तिथेच सोडून घरी आलो.

आज सकाळी कंपनीला होकार लिहिला. चांगल्या कागदावर, शाईच्या पेनाने, दोन वेळा खाडाखोड करून तिसऱ्यांदा नीट. 'मी ही जबाबदारी आनंदाने स्वीकारतो.' हे पत्र आणि ते पत्र एकाच पेटीत टाकतो आहे. तुझ्या वहिनीला अजून सांगितलं नाही, उत्तर आलं की एकदम सांगेन.

माफी तू मागू नकोस. मीच मागतो.

तुझा
दादा


३ ऑक्टोबर

दादा,

अरे गाढवा! होकार ३० तारखेच्या आत पोचायला हवा होता आणि तू तो २९ला पोस्टात टाकलास? आपल्या दोघांमध्ये पत्राला तीन-चार दिवस लागतात, तुझ्या कंपनीला काय कबुतर जातं? कंपनीच्या पत्रावर फोन नंबर होता, वहिनीनेच मला सांगितलं. एक फोन केला असतास तर मिनिटभरात काम झालं असतं. वरातीमागून घोडं, तेही शाईच्या पेनाने सजवून!

तुझं पत्र वाचलं आणि सहा वेळा फोन केला. बंद. शेवटी वहिनीला हॉस्पिटलात फोन केला. ती म्हणाली, निदान हो तरी म्हणालाय. ती आज तुला सांगेलच, हे पत्र तुला उशिराच मिळणार.

तिने मला कंपनीचा नंबरही दिला. मी तो फिरवला. पलीकडे घंटा वाजायला लागली तेव्हा मी ठेवून दिला. तुझ्या वतीने बोलले असते तर कदाचित जागा मिळालीही असती. पण तुझ्या पाठीमागे तुझा डाव मी एकदा संपवलाय. आता नाही. तू कर.

चांदण्यांचं वाचून मी खूप रडले आणि मग खूप हसले. पान गिळलंस?

टिल्लू


९ ऑक्टोबर

प्रिय टिल्लू,

तुझ्या वहिनीने तीन तारखेला संध्याकाळी सांगितलं. चार तारखेला सकाळी कंपनीत फोन केला. आदल्या दिवशीच जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली होती. माझं पत्र त्यांना सहा तारखेला मिळालं. अक्षर छान आहे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तुझी वहिनी म्हणाली, खड्ड्यात उतरायचं नाही, मग काय करायचं ते बस आणि ठरव. बसलो आहे. कॉम्प्युटर महामांत्रिकाला देऊन टाकला, टेबल मोकळं झालं.

जागा कुणाला मिळाली सांगू? माझ्या हाताखाली शिकलेली एक मेकॅनिक आहे, तिला. बारा वर्षांपूर्वी मीच तिला पहिल्यांदा खड्ड्यात उतरवलं होतं. चांगलं काम करते, माझ्यापेक्षा नीट शिकवेल. नव्या मशीनचं प्रशिक्षण सगळ्यांना सक्तीचं आहे, त्यामुळे या सोमवारी मी तिच्यासमोर बाकावर बसलो होतो. तास संपल्यावर ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "सर, ही जागा आधी तुम्हालाच देणार होते ना? मग तुम्ही का नाही घेतली?"

मी म्हटलं, "मी उशीर केला."

ती उभीच राहिली. इतकी वर्षं मला ओळखते, त्यामुळे पुढची गोष्ट ऐकायला थांबली होती. पुढे काही नव्हतं.

तुझा
दादा